मदत हवी आहे: टेक्स्टफील्डमध्ये ‘गोऱ्हे’ टाकलं की ‘गोर्हे’ होतंय (फ्लटर, अँड्रॉइड)

नमस्कार मंडळी,

गावातल्या दूध संस्थेसाठी फ्लटरमध्ये (मोबाइल अ‍ॅप बनवायचं साधन) छोटं अ‍ॅप करतोय. संकलनाच्या वेळी सभासदाचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकायचं आणि पावती मराठीत काढायची. दोन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिलं नावाचं. इंग्रजी अक्षरं आणि इमोजी येऊ नयेत म्हणून इनपुटफॉर्मॅटर्समध्ये, म्हणजे टाइप करतानाच मजकूर गाळणाऱ्या सोयीत, फिल्टर लावलाय: युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा (०९०० ते ०९७एफ) आणि स्पेस, बाकी काही नाही. माझ्या फोनवर ठीक चालतं. सचिवांच्या फोनवर मात्र गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे ही मंडळी डोक्यावर रफार घेऊन येतात. पाटील, शिंदे यांना काही होत नाही. फॉन्ट बदलून पाहिला, तोच प्रकार. फिल्टर काढला की नाव बरोबर उमटतं, पण मग कोणीही काहीही भरतं.

दुसरं फॅटचं. मराठी कीबोर्डवरून ‘४.५’ आलं की मजकुराचा आकडा करणारं डबलचं ट्रायपार्स नल, म्हणजे काहीच नाही, असं देतं. म्हणून ऑनचेंज्डमध्ये (मजकूर बदलला की चालणारा कोड) मराठी आकडे इंग्रजी करून कंट्रोलरच्या टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच रकान्यात, परत टाकतो. तेव्हापासून कर्सर सुरुवातीला पळतो आणि ४.५ चे ५.४ होतात. दहा दिवसांच्या बिलाला यावरून हाणामारी होईल, आणि ती शब्दशः.

जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १
नावं इंग्रजीतच घ्या की. एवढा व्याप कशाला?

धागाकर्ता
पावती हातात घेणाऱ्यांना मराठीच वाचायची सवय आहे. तो पर्याय नाही.

प्रतिसाद २
फॉन्टचा संबंध नाही. सचिवांच्या फोनवर फिल्टर काढून ‘गोऱ्हे’ टाइप करा आणि त्या मजकुराचे रून्स (प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक) प्रिंट करा. २३५२, २३८१, ८२०५, २३६१ असा क्रम दिसला तर चोर सापडला. ८२०५ म्हणजे हेक्समध्ये २००डी, झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. काही कीबोर्ड ‘ऱ्ह’ हे र, हलन्त, जॉइनर, ह असं पाठवतात. काही ऱ (२३५३), हलन्त, ह असं. जॉइनर देवनागरीच्या पट्ट्याबाहेर असल्यामुळे तुमचा फिल्टर तेवढाच गिळतो आणि उरलेल्याचा रफार होतो.

२००डी फिल्टरमध्ये घाला, काम होईल. पण माझं मत विचाराल तर नावाच्या रकान्यावर टाइप करताना पहारा नकोच. कीबोर्ड शब्द जुळवत असताना मध्येच मजकूर बदलला की तो गडबडतो. टेक्स्टफॉर्मफील्ड घ्या आणि सेव्ह करताना व्हॅलिडेटरने तपासा.

फॅटच्या रकान्यात उलट, टाइप करतानाच बदल करा, फक्त ऑनचेंज्डमध्ये नको. कंट्रोलरच्या टेक्स्टला नवी किंमत दिली की सिलेक्शन, म्हणजे कर्सरची जागा, पुसलं जातं, कर्सर म्हणूनच पळतो. टेक्स्टइनपुटफॉर्मॅटरचा स्वतःचा क्लास लिहा, नव्या व्हॅल्यूची कॉपीविथने प्रत काढून तिच्यात फक्त टेक्स्ट बदला. एका आकड्याच्या जागी एकच आकडा येतो, लांबी तीच राहते, त्यामुळे कर्सर जागचा हलत नाही. हा फॉर्मॅटर यादीत सगळ्यात आधी ठेवा. आणि तयार मिळणारा डिजिट्सओन्ली वापरू नका, तो मराठी आकडे तर टाकून देतोच, दशांश चिन्हही ठेवत नाही.

धागाकर्ता
अगदी तोच क्रम, ८२०५ सकट! फॅट आता सरळ पडतंय. पण जॉइनर ठेवल्यावर नवीन भानगड: माझ्या फोनवरून ‘कुऱ्हाडे’ शोधलं तर सचिवांनी भरलेले कुऱ्हाडे सापडत नाहीत.

प्रतिसाद २
दिसायला एक असले तरी डेटाबेसला ते दोन वेगळे मजकूर आहेत, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) त्यांना एक करत नाही. सेव्ह करताना आणि शोधतानाही ‘र, हलन्त, जॉइनर’ जिथे दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ घाला. आधीच्या नोंदींवरही हेच एकदा चालवा, बॅकअप घेऊन. फिल्टरने जॉइनर खाल्लेली नावं मात्र सचिवांसोबत बसून हातानेच सुधारावी लागतील. सरसकट रफार बदलायला गेलात तर सूर्यवंशींचं नाव बिघडेल.