बायोडाटा बघून मत द्यायचं तर ब्यूकॅननला द्या की!

खडूस:
काल दुसऱ्या धाग्यात तात्यांनी लिहिलं, "छान बोलतो म्हणून मत देणं म्हणजे बँड चांगला वाजवला म्हणून बँडवाल्यालाच मुलगी देणं. उमेदवाराची अनुभवाची वर्षं मोजा, भाषणं ऐकूच नका." त्यावर टाळ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

वर्षंच मोजायची ना? अमेरिकेचा जेम्स ब्यूकॅनन घ्या. हाऊसमध्ये (तिथल्या संसदेचं खालचं सभागृह) दहा वर्षं, सिनेटमध्ये (वरचं सभागृह) दहाच्या वर, रशिया आणि ब्रिटनमध्ये देशाचा प्रतिनिधी, मध्ये परराष्ट्रमंत्री. एवढा भरगच्च बायोडाटा घेऊन १८५७ ला राष्ट्राध्यक्ष झाला आणि दक्षिणेतली राज्यं देशातून फुटायला लागली तेव्हा म्हणे, फुटणं बेकायदा आहे पण मला अडवायचा अधिकार नाही! त्याच्यामागून आला लिंकन, हाऊसमध्ये जेमतेम एक टर्म काढलेला. पुढचं सांगायला नको.

आणि २००८ चा, डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीवरून झालेला ओबामा-हिलरी क्लिंटन वाद आठवा. "मी पहिल्या दिवसापासून तयार आहे" हे हिलरीबाईंचं पालुपद. बरं, मग २००२ ला इराकवर युद्धाची परवानगी देणाऱ्या ठरावात सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ झालं त्यात बाई ७७ मध्ये. त्याच महिन्यात ओबामा, तेव्हा साधा राज्य पातळीवरचा सिनेटर, युद्धाविरुद्ध भाषण करत होता. नुसतं भाषणच, हो. पण बरोबर कोण निघालं?

तात्या_बी:
बँडवाला मीच, आलो.
लिंकनचा अर्धा बायोडाटा तुम्ही खिशात लपवलात. राज्याच्या विधिमंडळात आठ वर्षं, वकिली वीसच्या वर. माणसं ओळखणं, समोरच्याचा मुद्दा आधीच हेरणं हे त्याला कोर्टात मिळालं, स्टेजवर नाही. आणि ओबामाचं म्हणाल तर विरोधात बोलायला त्याला काय लागत होतं, त्याला कुठे तिथे मत द्यायचं होतं? पुढे खुर्चीत बसल्यावर दोनच दिवसांत ग्वांटानामोचा (दहशतवादाच्या संशयितांना डांबलेला, क्युबातला अमेरिकी) तुरुंग वर्षात बंद करायचा आदेश काढला. आठ वर्षं झाली, पायउतार झाला, तुरुंग तिथेच. बोलाचीच कढी!

खरा दाखला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनचा. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते स्वप्नाचं वॉशिंग्टनचं भाषण २८ ऑगस्ट १९६३ चं. काळ्यांना समान वागणूक देणारा नागरी हक्कांचा कायदा झाला २ जुलै १९६४ ला. मधले दहा महिने काय झालं ते कुणी सांगत नाही कारण त्यात टाळ्या नाहीत. दक्षिणेतले सिनेटर दिवसचे दिवस बोलत बसून बिल अडवत होते, आणि जॉन्सन एकेकाला फोन करून कुणाला गोंजार, कुणाला दम दे असं करत होता. कुणाची नस कुठे आहे हे त्याला पाठ होतं. १० जूनला ७१ विरुद्ध २९ ने ती चर्चा बंद पाडली. हिलरी २००८ मध्ये एवढंच म्हणाली की स्वप्न कायद्यात उतरवायला राष्ट्राध्यक्ष लागला, तर लोक अंगावर धावले.

शुद्धमती:
विषय चांगला आहे. पण कालच्या धाग्यात चौघांनी "वकृत्व" लिहिलंय. वक्तृत्व! वक्ता, वक्तृत्व. वकृत्व म्हणजे काही नाही.

मंजुघोषा:
आमच्या कंपनीतल्या युनियनचं सांगते. जुने सेक्रेटरी माईकवर उभे राहिले की लोक चहाला जायचे, पण करारातलं प्रत्येक कलम तोंडपाठ. नवीन मुलगा उभा राहिला, काय बोलायचा, अंगावर काटा! आम्ही त्याला निवडून दिलं, मी स्वतः पत्रकं वाटली. संप झाला, घोषणा झाल्या, आणि वाटाघाटीला बसल्यावर मॅनेजमेंटने जुन्या करारातलं एक कलम पुढे केलं तर ह्याने ते वाचलेलंच नव्हतं. अकरा दिवसांचा पगार गेला. म्हणून मी तात्यांच्या बाजूने.

खडूस:
ताई, वाईट झालं. पण एका युनियनवरून जग ठरत नाही.
तात्या, जॉन्सनवर याच. १९५७ ला तो सिनेटमधला बहुमताचा नेता होता, सगळ्या नसा तेव्हाही पाठ. तेव्हाच्या नागरी हक्कांच्या बिलाचे दात त्यानेच काढले ना? अनुभव तोच, माणूस तोच. सात वर्षांत बदललं काय? रस्ता बदलला! लोक मोर्चे काढत होते, मार खात होते, किंग बोलत होते. १९६५ ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मतदानाचा हक्क मागणाऱ्या लोकांना झोडपलं आणि आठ दिवसांत तुमचा अनुभवी जॉन्सन संसदेत उभा राहून आंदोलनाचीच घोषणा उच्चारत होता. म्हणजे शेवटी त्यालाही भाषणच करावं लागलं.

तात्या_बी:
तुम्ही जरा आवाज कमी करा, उद्गारचिन्हांनी मुद्दा सिद्ध होत नाही. ५७ ला तो टेक्ससचा सिनेटर होता, तिथल्या मतदाराला तोंड द्यायचं होतं. ६४ ला खुर्ची हातात होती.

खडूस:
म्हणजे अनुभव नाही, खुर्ची. झालं की मग.

रिकामटेकडा:
आणि व्हिएतनाम? तिथे पाच लाखांवर सैन्य कुणी नेलं, त्याच फोनवाल्याने ना. नस ओळखण्याचा अनुभव सिनेटरांचा होता, उत्तर व्हिएतनामच्या हो ची मिन्ह यांचा नव्हता. उलट केनेडीचं बघा, १९६१ ला क्युबात कॅस्ट्रोला उलथवायला बे ऑफ पिग्जवर केलेल्या स्वारीची फजिती झाली ती योजना सीआयए या गुप्तहेर खात्यातल्या मुरलेल्यांचीच, नव्या भाषणवाल्याने मान डोलावली. दोघेही बुडाले, दोन्ही पार्ट्यांना शुभेच्छा.

हेमांगी:
मला एक कळत नाही, इतक्या प्रतिसादांत कुणालाच दिसलं नाही का की अनुभव बाईकडे असला की ती "रटाळ", "पालुपद लावणारी", आणि पुरुष गोड बोलला की "करिश्मा"? खडूस, तुम्ही वर "हिलरीबाई" लिहिलंत, "ओबामाबुवा" नाही लिहिलंत. मी पंधरा वर्षं काम करून प्रेझेंटेशन बनवते आणि ते वाचून दाखवणारा प्रमोशन घेऊन जातो, त्यामुळे ह्या विषयावर माझ्याकडून शांतपणाची अपेक्षा ठेवू नका.

खडूस:
बाई शब्द आदराने वापरला होता. पण ठीक, "ओबामाबुवा". झालं समाधान?

हेमांगी:
नाही.

तात्या_बी:
हेमांगी, तुमचा मुद्दा मला सोयीचा आहे म्हणून पटला असं समजू नका, तरी पटला. आणि खडूस, ५७ चं तुमचं अगदीच चूक नाही. मोर्चे नसते तर जॉन्सनचा अनुभव फायलीतच राहिला असता, एवढं देतो. पण मोर्च्याला मत द्यायचं नसतं, खुर्चीत बसणाऱ्याला द्यायचं असतं. भाषणं ऐकूच नका हे मात्र मी रागात लिहिलं.

खडूस:
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

शुद्धमती:
"मोर्चाला". मोर्च्याला नव्हे.

तात्या_बी:
मंजुघोषा, राहून गेलं. तुमच्या युनियनची पुढची निवडणूक झाली का? ह्या वेळी मत कुणाला?

मंजुघोषा:
झाली. त्याच मुलाला दिलं. जुने सेक्रेटरी उभेच राहिले नाहीत, म्हणाले मला आता हॉल भरवता येत नाही. करार वाचायला मात्र रोज संध्याकाळी त्या मुलाला घरी बोलावतात.