फँग आणि व्हॅनिल: न उच्चारलेले नाते

‘फायनल फँटसी १३’ या व्हिडिओ गेममधील फँग आणि व्हॅनिल या दोन तरुणींचे नाते बहिणींचेच आहे आणि त्यात प्रेम शोधणे म्हणजे ओढूनताणून अर्थ काढणे होय, असे एक मत आहे. ते मला पटत नाही.

२००९ साली आलेल्या याच खेळात स्नो हा तरुण आणि सेरा ही तरुणी यांचे प्रेम वाङ्निश्चयाच्या पदकासकट उघडपणे दाखवले आहे. या दोघींच्या वाट्याला मात्र शब्द येत नाहीत, फक्त कृती येतात. व्हॅनिलला वाचवण्यासाठी फँग आपल्या सोबत्यांविरुद्धही उभी राहायला तयार होते आणि नेमका त्याच क्षणी बहामुत हा ड्रॅगनरूपी दिव्य जीव प्रकट होतो. व्हॅनिल आपल्याला काही आठवत नसल्याचे सोंग करते, तेही फँगला जुन्या यातनांपासून दूर ठेवण्यासाठी. शेवटी कोकून हे आकाशात तरंगणारे जग कोसळू नये म्हणून दोघी मिळून स्फटिक होतात. बहिणीही असे करतील, हे मान्य. पण हेच सारे एका तरुणाने आणि तरुणीने केले असते, तर आपण पुरावा मागितला असता का?

राजारामपुरीतल्या आमच्या घरी मी हा खेळ खेळत असताना फँगचे साडीसारखे निळे वस्त्र पाहून आई थबकली आणि “ही असली कसली नेसण म्हणायची?” असे म्हणून तिथेच बसली. कथा तिला ठाऊक नव्हती. तरीही दोघींची पुन्हा गाठ पडते तो प्रसंग पाहिल्यावर तिने एवढेच विचारले, “ह्या दोघी एकमेकींच्या कोण गं?”

मला चटकन उत्तर देता आले नाही.