‘कॉम्प्युटर’ म्हणून नेमलेल्या बायका : मराठीत काय म्हणावं?

आकाशवेडी : अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेवरचा लेख मराठीत करतेय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे ताऱ्यांच्या काचेवरच्या छायाचित्रांवरून मोजमाप आणि आकडेमोड करायला बायका नेमल्या होत्या. हुद्द्याचं नाव ‘कॉम्प्युटर’. मी लिहिलं, ‘ती संगणक म्हणून रुजू झाली.’ भाऊ म्हणाला, छपाईची चूक दिसतेय. दुसरा शब्द आहे का?

जुना बोरू : गणक. ज्योतिषाचं गणित करणारा तो गणक. नवा शब्द पाडायची गरज नाही.

आकाशवेडी : आणि बाई असेल तर? गणिका? तिथेच तर अडलंय!

जुना बोरू : गणिका ‘गण’वरून, गण म्हणजे समूह. म्हणजे ती मोजणारी नव्हे.

तिरपी रेघ : तो ज्योतिषी आणि ती वेश्या, हे वाचणाऱ्याच्या मनातून व्युत्पत्ती सांगून जात नाही. हेन्रिएटा लेव्हिट याच हुद्द्यावरची. काही रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होत राहणाऱ्या, ताऱ्यांचं तेज आणि त्यांचा आवर्तकाल, म्हणजे त्या बदलाच्या एका फेरीला लागणारा वेळ, यांचं नातं तिने १९१२ मध्ये मांडलं, त्यावरून पुढे दीर्घिकांची (गॅलेक्सींची) अंतरं काढता आली. तिला हा शब्द लावू नका.

दौत : हिशेबनीस घ्या. ‘नीस’ला लिंग नाही, बाईही चिटणीस असतेच.

जुना बोरू : ‘नीस’ फारसी ‘नवीस’वरून आलाय. शिवाय हिशेब पैशाचा असतो, ताऱ्यांचा नव्हे.

दौत : मग चिटणीसही टाकून द्या!

शाईचा डाग : माझी आजी शाळेत शिकवायची. तिला मास्तरीणबाई म्हणत. शेजारच्या मास्तरांच्या बायकोलाही मास्तरीणबाईच, आणि त्यांनी खडू कधी हातात धरला नव्हता. आजी चिडायची. “मी परीक्षा देऊन झाले, ती लग्न करून झाली.”

तिरपी रेघ : अगदी बरोबर. पाटलीण, मास्तरीण, सगळे नवऱ्याचे हुद्दे. बायका स्वतः कामावर गेल्या तेव्हा ‘शिक्षिका’ लागला. आता तोही नको, माझ्या बहिणीला ‘प्राध्यापक’च म्हणवून घ्यायचंय.

जुना बोरू : प्राध्यापिका शब्दात कमीपणा कुठे आहे? कामातली बाई शब्दातून का पुसायची?

शाईचा डाग : पुसत नाही हो. हुद्दा एकच आहे, तर नावं दोन कशाला?

आकाशवेडी : ‘टाइपरायटर’ हा शब्दसुद्धा एके काळी यंत्रालाही होता आणि ते चालवणारीलाही. म्हणून ‘संगणक’च ठेवावा असं वाटू लागलंय. पहिल्या वाक्यात खुलासा करीन. चालेल?

जुना बोरू : आधी अध्यक्ष की अध्यक्षा, ते बोला.