नाण्यांवर हिरवा चिकट थर आलाय, काय करू?

नवासंग्राहक:
मामांनी दिलेला नाण्यांचा अल्बम बऱ्याच वर्षांनी उघडला. तांब्याच्या आणि काही चांदीच्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर दिसतोय. कप्पे मऊ प्लास्टिकचे आहेत आणि नव्या रेनकोटला येतो तसा वास येतोय. पॉलिश लावून चकचकीत करावीत का?

टांकसाळ:
पॉलिश अजिबात नको, कापडानंही घासू नका! वासावरून कप्पे पीव्हीसीचे वाटतात. हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. कालांतरानं तो पाझरतो, शिवाय पीव्हीसी खराब होताना सुटणारं आम्ल तांब्याला खातं. चलनातल्या चांदीच्या नाण्यांतही बहुधा थोडं तांबं असतं, म्हणून तीही हिरवी पडतात.

सगळी नाणी आजच बाहेर काढा. थर असलेली शुद्ध ॲसिटोनमध्ये (हा चिकट थर विरघळवणारा द्रव) काही मिनिटं बुडवा, मग ताज्या ॲसिटोननं धुऊन तशीच वाळू द्या. भांडं काचेचं घ्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास कुठेही ज्योत नको, कारण ॲसिटोन चटकन पेट घेतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. थराखाली धातू खाल्ला गेला असेल तर तो डाग मात्र राहणार.

पॉलिशला माझा एवढा विरोध का, तेही सांगतो. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरपं करून फिरवा, प्रकाशाचे पट्टे गोल फिरताना दिसतील. ठसा दाबला जाताना धातू सरकतो आणि अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांची ही लकाकी. घासलं की त्या रेषा गेल्या, पुन्हा येत नाहीत. जाणकाराला घासलेलं नाणं लगेच ओळखू येतं आणि किंमत तिथेच पडते.

जुनीनाणी:
एक भर घालतो. थर चिकट नसून फिकट हिरवी भुकटी असेल, तर तो ब्राँझ डिसीज, म्हणजे तांब्याला पोखरत जाणारा गंज, असू शकतो. क्लोराइड आणि ओलावा एकत्र आले की तो होतो. त्यावर ॲसिटोनचा उपयोग नाही. असं नाणं वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

नवासंग्राहक:
भुकटी नाही, चिकटच आहे. आता ठेवू कशात? ओकच्या लाकडाची पेटी आहे, सुती हातमोजेही आणलेत.

टांकसाळ:
ओक नको, त्यातून आम्लाची वाफ निघत राहते. मायलरचे (पॉलिएस्टर प्लास्टिकचे) कप्पे किंवा ॲक्रिलिकच्या कॅप्सूल घ्या. मायलर कडक असतं, त्यामुळे नाणं सारखं आत-बाहेर सरकवू नका, ओरखडे येतात. पुठ्ठ्याचे होल्डर वापरलेत तर स्टेपलरच्या पिना पक्कडीनं सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर चरा पडतो. चांदीजवळ रबर बँड किंवा लोकर नको. त्यातल्या गंधकानं ती काळवंडते. नाणी ज्या पेटीत ठेवाल तिच्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ओलावा शोषून झाला की बदला.

सुती मोज्यांत नाणं निसटतं. त्यापेक्षा हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि नाणं फक्त कडेनं धरा, खाली मऊ कापड पसरून. तांब्यावर बोटाचा ठसा उमटला की बहुतेक वेळा कायमचा राहतो. नाणं तोंडासमोर धरून बोलूही नका, थुंकीच्या बारीक थेंबांचे काळे ठिपके पडतात.

नाणी पूर्ण वाळल्याशिवाय कॅप्सूल बंद करू नका. महिनाभरानं भिंगातून बघा; अक्षरांच्या कडेला हिरवं दिसलं तर पुन्हा ॲसिटोन.