फुटलेली काच आणि घंटागाडी

काही जण म्हणतात की सफाई कामगारांना पगार मिळतो, मग वेगळं कौतुक कशाला? मला हे अजिबात पटलं नाही.

जानेवारीत आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघून आपण घरी येऊन झोपतो. पत्रावळ्या, कागदी कप, उसाची चिपाडं तिथंच. सकाळी फिरायला गेलं की थंडीत डोक्याला फडकं बांधून झाडणाऱ्या बायका दिसतात. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही त्याच असतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत घंटागाडीवरच्या मावशींचा तळहात कापला. कुणीतरी फुटलेला ग्लास तसाच पिशवीत टाकला होता. हातमोजे नव्हते. जखम धुऊन पट्टी बांधली, तर म्हणाल्या, "ताई, अजून दोन गल्ल्या राहिल्यात." मला रडू आलं. तेव्हापासून काच जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' लिहून त्यांच्या हातात वेगळी देते. डायपर, पॅडही कागदात गुंडाळूनच. डायपर, पॅड गुंडाळून द्यायचं हे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही होतंच, पण पाळतो कोण!

आणि गटारात माणूस उतरवण्याबद्दल. संरक्षक साधनांशिवाय तसं करायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आपल्या सोसायटीचा चेंबर तुंबला की पाचशे रुपयांत कुणाला तरी आत उतरवू नका. सक्शन गाडी मागवा, एक दिवस वास सहन करा.