ऑगस्टस एगची तीन चित्रं: बाईवर ठपका की आणखी काही?

रेघोटी: इंग्रज चित्रकार एगच्या 'पास्ट अँड प्रेझेंट' या तीन चित्रांच्या मालिकेला (१८५८, आता लंडनच्या टेट कलासंग्रहालयात) स्त्रीची बाजू घेणारी म्हणतात, ते मला पटत नाही. पहिल्या कॅनव्हासवर बायको नवऱ्याच्या पायाशी जमिनीवर पडलेली. त्याच्या हातात तिचं बिंग फोडणारं पत्र, बुटाखाली प्रियकराची छोटी तसबीर. कापलेल्या सफरचंदाच्या एका फोडीत सुरी, दुसरी फोड जमिनीवर. भिंतीवर तिच्या तसबिरीच्या वर आदम-ईव्हच्या स्वर्गातून हकालपट्टीचं चित्र. मुलींचा पत्त्यांचा बंगलाही नेमका तेव्हाच कोसळतोय! आता सांगायचं काय उरलं?

निळीशाई: नवऱ्याच्या तसबिरीवरचं चित्र बरं गाळलंत! तिथे वादळात सापडलेलं, सोडून दिलेलं जहाज आहे. म्हणजे बुडालाय तोही. शिवाय तुम्ही पहिल्याच चित्रापाशी थांबलात. प्रदर्शनात ते मध्ये होतं, बाकीची दोन दोन्ही बाजूंना. त्या दोघांत चंद्र तोच, खालचा ढगही तोच, म्हणजे रात्र एकच. इकडे पोरक्या मुली खिडकीशी, तिकडे आई थेम्सकाठी अडेल्फी या इमारतींच्या कमानीखाली, शालीत मूल, त्याचे पाय तेवढे बाहेर. नुसता ठपकाच ठेवायचा असता तर चंद्र जुळवायची यातायात कशाला?

रेघोटी: मग प्रदर्शनात शीर्षकाऐवजी लावलेला तो रोजनिशीचा उतारा? बाप वारला, मुलांचे 'दोन्ही पालक गेले', असं त्यात आहे. आई जिवंत असताना! वर 'केवढं हे तिचं पतन' हा उद्गार.

निळीशाई: उतारा काल्पनिक आहे, आणि सूर ऐकीव बातमी सांगणाऱ्या परिचिताचा. ते एगचं मत कशावरून?

कोपरखळी: साल विसरू नका. इंग्लंडचा नवा घटस्फोट कायदा जानेवारी १८५८ पासून लागू झाला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, किंवा दोन वर्षं टाकून जाणं, असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा फरक १९२३ पर्यंत टिकला. प्रदर्शन बघणाऱ्यांना हे ताजं होतं. आणि कमानीखालच्या भिंतीवरची पोस्टरं वाचा: एक पॅरिसच्या सहलीचं, एक 'व्हिक्टिम्स' म्हणजे 'बळी' नावाच्या नाटकाचं.

रेघोटी: पोस्टर मान्य. पण प्रियकर कुठाय? बुटाखालच्या तसबिरीपुरता. त्याला ना कमान, ना थंडी.