मदत हवी आहे: मजकूर सजवायला बटणं बरी की टॅग?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, त्याच्या वेबसाइटवरची माहिती मी लिहिते. एडिटरमध्ये एकीकडे वर्डसारखी बटणं, दुसरीकडे साधे एचटीएमएल टॅग, म्हणजे मजकूर कसा मांडायचा हे ब्राउझरला सांगणाऱ्या कंसातल्या खुणा.

बटणांच्या बाजूला वर्डमधून मजकूर चिकटवला की फाँट, रंग, आकार असं सगळं वऱ्हाड सोबत येतं. टॅग उघडून बघावं तर 'जॅकार्ड चादर' या दोन शब्दांभोवती स्पॅनच स्पॅन (रंग-आकार लावणारे टॅग)! मोबाइलवर मग एक ओळ मोठी, एक बारीक. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने साधा मजकूर चिकटतो, पण मापांचा तक्ता मोडतो. (जुनी दरपत्रकं श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये आहेत, ती आधी सगळीकडे वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणायची, तो ताप वेगळाच.)

टॅग हाताने लिहिले की पान स्वच्छ राहतं. पण तिथे नुसतं एंटर मारून ओळ तुटत नाही, बीआर (नवी ओळ) किंवा पी (नवा परिच्छेद) हा टॅग द्यावा लागतो. ठळक करणारा एक स्ट्राँग टॅग बंद करायचा राहिला की पुढचं सगळं ठळक. दुकानातल्या पोरांना हे कोण शिकवणार? तरी माझं मन टॅगकडेच झुकतंय.

मार्कडाउन (तारा, हॅश अशा साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) कोणी वापरतं का? खुणा सोप्या आहेत, पण २००४ सालच्या मूळ मार्कडाउनमध्ये तक्त्याची सोयच नाही. की यादी बटणांनी आणि तक्ता टॅगने, असं मिश्रण चालेल? परत बटणांकडे गेल्यावर एडिटर हाताने लिहिलेले टॅग बदलतो का? आणि देवनागरीत तिरपी अक्षरं मला तरी विचित्र दिसतात. जोर द्यायला तुम्ही काय वापरता?